झोक्यामागचा माणूस

बाबा, तुमचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं ते मीच. आईंना वाटलं निखिलने केलं, निखिलला वाटलं आईंनी. तर एकदाचं कबूल करून टाकते. तुम्हाला निरोप देऊन घरी आलो, सगळे चहाला आत गेले आणि मी पांढऱ्या साडीवरच गॅरेजमध्ये शिरले. तुमचा तो दाराएवढा बोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा करून ठेवला. मला ती बाई बघवत नव्हती. झाडं हिरवी, आभाळ निळं, झोक्याची दोरी पिवळी आणि या सगळ्याच्या मधोमध झोक्यावर ती बिनचेहऱ्याची, राखेच्या रंगाची बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कामावर निघताना गॅरेजचा दिवा लावला. चित्र सरळ होतं.

निखिलला हाक मारली. तो दात घासत दारात आला आणि म्हणाला, "मी कशाला हात लावू? बाबांचं आहे ते." आई अजून खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. मी बोर्ड परत उलटा केला, गाडी काढली आणि ऑफिसपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. संध्याकाळी घरी आले, तर चित्र पुन्हा सरळ. आणि तुमचा तो गॅरेजच्या तुळईला टांगलेला झोका हलत होता. फार नाही, एवढासाच.

आता हे तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. अंगारे-धुपारे, नवस-सायास, मांजर आडवं गेलं, यातलं काहीही आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ऐकवलं होतं. मी म्हणाले होते, बाबा, माझ्याही माहेरी पंचशीलच होतं, मला कुठे सांगताय? तुम्ही हसलात. "तरी सांगून ठेवतो बेटा. भीती वाटली की पळायचं नाही. कारण शोधायचं. कारण सापडलं की भीती आपोआप जाते." म्हणून मी कारण शोधलं. गॅरेजच्या दाराखाली दोन बोटं फट आहे, तिथून ऑकलंडच्या या फ्लॅट बुश भागाचा सगळा वारा आत येतो. जुना टॉवेल गुंडाळून फटीत कोंबला. झोका थांबला. बघा, म्हटलं, फिजिक्स. पण बोर्ड काही वाऱ्याने वळत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये खूप माणसं आली होती. वंदना झाली, मग एकेकाने तुमच्याबद्दल सांगितलं. नागपुरात किती वर्षं ड्रॉइंग शिकवलं, किती पोरांना इंटरमिजिएटला बसवलं, कुणाच्या फीचं काय केलं. सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. मग मला म्हणाले, सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. "बाबा माझ्याशी खूप भांडायचे," एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

आपलं भांडण तुमच्या त्या पुस्तकावरून लागलं होतं. नागपूरच्या फुटपाथवर घेतलेलं, कव्हर नसलेलं, युरोपातल्या चित्रांचं जाडजूड पुस्तक. चित्रकारांची नावं वाळवीने खाल्लेली, म्हणून तुम्ही चित्रांना आपल्या मनानेच नावं ठेवली होती. शपथवाले. टबात मेलेला. झोकेवाली. दर वेळी सहा महिन्यांसाठी इकडे येताना आईंच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणि तुमच्या बॅगेत ते पुस्तक. एअरपोर्टवरच्या बाईने एकदा विचारलं, "एनी फूड?" आणि तुम्ही पुस्तक छातीशी धरून "येस" म्हणालात. अख्खी बॅग उलटीपालटी केली त्यांनी.

पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग गुलाबी. रोकोको. सॅटिनचे झगे, रिबिनी, गुलाबी गाल, बागेत लोळणारी माणसं. मागचा अर्धा भाग एकदम ताठ. सरळ खांब, उघड्या भिंती, हात वर करून शपथ घेणारे पुरुष. "तेच पॅरिस. मधे फक्त एक पिढी," तुम्ही म्हणायचात. "लोक वाचायला लागले, प्रश्न विचारायला लागले, आणि चित्रांवरची पावडर झडली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आधी या भिंतीवर आलं, मग रस्त्यावर." आणि लगेच बोट वर करून, "आपल्याकडे मात्र ते तिथून आलेलं नाही हं. आपल्याकडे ते बुद्धाकडून आलंय." हे तुम्ही तुमच्या नातीला, आमच्या मैत्रीला सुद्धा सांगितलं, ती नऊ वर्षांची पोर सीरियल खात होती. "कूल, आजोबा," म्हणाली बिचारी.

मला मात्र पुढचा गुलाबी भाग आवडायचा. मी दिवसभर बीम आणि कॉलम मोजते, मला घरी येऊन पुन्हा खांब कशाला बघायचेत? मी म्हणायचे, बाबा, हसण्या-खेळण्यात काय गुन्हा आहे? राजवाड्यातल्या त्या अवाढव्य लढायांच्या चित्रांना कंटाळूनच ही माणसं छोट्या खोल्यांत आली ना? तुम्ही म्हणायचात, "हसू दे की. पण हसायला वेळ कुणाच्या जिवावर मिळाला, ते बघ." मग एक दिवस मी तुम्हाला पकडलं. म्हटलं, तुमचे ते शपथवाले बघा नीट. पुरुष हात वर करून उभे आहेत, आणि बायका कुठे आहेत? उजव्या कोपऱ्यात. मान टाकून रडतायत. त्यांना कुणी विचारलं शपथ घेता का म्हणून? समता म्हणे! त्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्याशी कोथिंबीर निवडता निवडता म्हणालात, "बायकांचं तुझं बरोबर आहे. इतकी वर्षं शिकवलं, मला दिसलं नव्हतं." मी इतकी खूश झाले की भाजी करपवली.

पण झोकेवालीवरून तुम्ही एक इंच हटला नाहीत. त्या चित्रात ती गुलाबी झग्यातली पोरगी झोक्यावर उंच गेली आहे, पायातली चप्पल उडाली आहे, समोर झुडपात एक चहाटळ तरुण लोळतोय. सगळं जग तेवढंच बघतं. तुम्ही नखाने मागचा अंधार दाखवायचात. "इथे बघ. हा म्हातारा दिसतो का? दोरी ओढतोय तो. झोका आपोआप जात नाही बेटा." आणि एकदा, एकदाच, तुमच्या वडिलांबद्दल सांगितलंत. इंग्रजांच्या काळात ते कचेरीत पंखा ओढायचे. छताला टांगलेला कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ते बसायचे, म्हणजे डोळा लागला तरी पाय हलत राहील. आतल्या साहेबाने त्यांचं तोंड कधी बघितलं नाही. "त्यांचा एक फोटो नाही," तुम्ही म्हणालात. "चेहरा कसा होता ते आता मलाही नीट आठवत नाही." त्या दिवशी मी वाद घातला नाही.

मग हेच चित्र तुम्ही स्वतः काढायला घेतलंत तेव्हा मी चाट पडले. मार्चची गोष्ट. पेन्सिलीने बोर्डवर चौकटी आखल्या, पुस्तकातल्या पानावर चौकटी आखल्या, आणि शाळेत पोरांना शिकवायचात तसं एकेक घर भरायला लागलात. झुडपातला तरुण काढूनच टाकला. "या टवाळाचं इथे काय काम?" तेल रंगांच्या दुकानातलं नको, पाणी आहे ते, म्हणून सँडरिंगहॅमच्या किराणा दुकानातून जवसाचं तेल आणवलंत. अर्धी बाटली रंगात, अर्धी भाकरीवर. गॅरेजला अजून तो वास आहे. आणि ती राखाडी बाई. मी विचारलं, हिला रंग कधी देणार? तेव्हा तुम्ही समजावलंत की जुन्या लोकांची हीच रीत, आधी माणूस राखेच्या रंगात पूर्ण करायचा. त्याला ते मेलेला थर म्हणायचे. "आधी मढं रंगवायचं, मग पातळ पातळ रंग देत त्यात जीव घालायचा. घाई केली तर मढ्याला लाली लावल्यासारखं दिसतं." मैत्रीने "ईऽऽ" केलं आणि पळाली.

तेव्हाच एकदा विचारलंत, "बेटा, ही तुळई पंचावन्न किलोच्या माणसाला झेलेल का?" मी दचकलेच. म्हटलं, कोण लोंबकळणार आहे? "मॉडेल. दोरी ताणल्यावर कशी दिसते ते बघायचंय." मी शिडीवर चढले, तुळई बघितली, आकडेमोड केली, म्हटलं आरामात झेलेल. तुम्ही फळी आणि दोर आणून झोका टांगलात. शाळेतून आल्यावर मैत्री त्यावर बसायची. मैत्री सव्वीस किलोची. तुम्ही सत्तरचे. पंचावन्न किलोचं कोण, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. इंजिनिअर म्हणे!

आता त्या शनिवारबद्दल बोलायलाच हवं. मी साइटवरून आले होते, डोकं दुखत होतं, उद्या परत एक ड्रॉइंग द्यायचं होतं. गॅरेजमध्ये गाडी लावली आणि चित्राकडे लक्ष गेलं. झोक्यावरच्या बाईच्या पायातून उडालेली चप्पल तुम्ही रंगवली होती. निळी. उजव्या अंगठ्याजवळ पट्टा तुटून तारेने बांधलेला. माझी जँडल, इकडे रबरी चपलेला म्हणतात ती. दारात रोज भिरकावून देते तीच. आणि मागचा अंधार तुम्ही नुसता काळा-तपकिरी फासून ठेवला होता, सुकून तो पाटीसारखा निस्तेज झाला होता. त्यात काही दिसत नव्हतं, पण मला सगळं दिसलं. सकाळी मैत्रीचा डबा आई करतात. तिला शाळेतून तुम्ही आणता. कचऱ्याची लाल बिन कधी, पिवळी बिन कधी, ते तुम्हाला पाठ, आणि दर मंगळवारी त्या ओढत रस्त्यावर नेताना समोरच्या घरातला टामा त्याच्या माओरीत "किया ओरा, मॅटुआ", म्हणजे नमस्कार काका, म्हणतो ते तुम्हाला. मी फक्त येते आणि चप्पल भिरकावते.

मी म्हटलं, "म्हणजे झोक्यावर मी. असंच ना?"

तुम्ही म्हणालात, "हो."

"आणि अंधारात दोरी ओढणारे तुम्ही. सरळ तोंडावर बोला की बाबा, चित्र कशाला काढता?"

तुम्ही ब्रश पुसत होतात. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही, मी तुमच्या हाताकडे बघत होते. "तो रंग बसलाय. त्याला तेल पाजलं की बोलेल तो," एवढंच म्हणालात. आणि मग, "एक दुपार बस माझ्यासमोर. या झोक्यावर. मग सांगतो."

"मला वेळ नाही. मी रिकामटेकडी नाहीये बाबा."

हे शेवटचं. रविवारी मी ड्रॉइंग करत बसले, सोमवारी उशिरा आले, आणि मंगळवारी भर दुपारी आई तुम्हाला जेवायला बोलवायला गॅरेजमध्ये गेल्या तेव्हा तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत चित्रासमोर बसलेले होतात. ब्रश धुतलेला होता. रिकाम्या बिन्स त्या दिवशी टामाने आत आणल्या.

आता कळलं का, मी ते उलटं का करून ठेवत होते? मला अंधारातला माणूस बघायचा नव्हता. तुम्ही आमच्या घरात पाच वेळा येऊन राहिलात, आणि त्या प्रत्येक सहा महिन्यांत स्वतःला व्हरांड्यातला पंखावाला समजत होतात की काय, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि तेच जाणून घ्यायची हिंमत नव्हती.

पुढचं ऐका. तुम्हाला निरोप दिल्यापासून आठव्या दिवशी सकाळी त्या अंधारात एक हात दिसला.

खोटं नाही सांगत. आदल्या दिवशीपर्यंत तिथे पाटीसारखा काळा रंग होता. आज त्या काळ्यातून बोटं वर आली होती, दोरीवर आवळलेली, सांधे पांढरे पडलेले. मी दिवा बंद केला, पुन्हा लावला. हात तिथेच. कारण शोध, स्वतःला म्हटलं. ओल असेल. जुलै आहे, ऑकलंडच्या थंडीत भिंती घाम गाळतात, रंगाचं काही होत असेल. डीह्युमिडिफायर आणून गॅरेजमध्ये लावला. तीन दिवसांनी मनगट आलं. मग बाही आली. तांबडी, लोकरीची, कोपराशी उसवलेली. तो तुमचा स्वेटर होता, गॅरेजच्या खुंटीवर लटकतो तोच. मी खुंटीकडे बघितलं. स्वेटर जागेवर होता. मला इतकी थंडी वाजली की विचारू नका, आणि तरी तो अंगात घालायची हिंमत झाली नाही.

मी कुणाला बोलले नाही. निखिल आधीच मोडून गेलेला. पण शुक्रवारी मैत्री सायकल काढायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "ममा, देअर्स समवन इन द डार्क बिट." मी विचारलं, घाबरलीस? "नो. ही'ज जस्ट होल्डिंग द रोप." आणि शांतपणे सीरियल ओतून घेतलं. तिने इंग्रजीतलं 'ही', म्हणजे 'तो' म्हटलं, ते माझ्या कानात दिवसभर होतं.

बाविसाव्या दिवशी, म्हणजे गेल्या गुरुवारी, सकाळी मी दिवा लावला आणि तिथे चेहरा होता. आहे, एवढं दिसलं. कुणाचा ते दिसायच्या आत मी दिवा बंद केला. अंधारात चाचपडत गाडीत बसले, निघाले, मोटरवेच्या तोंडाशी सिग्नलला थांबले आणि तिथे भोकाड पसरलं बाबा. लहान पोरासारखं. बाजूच्या व्हॅनमधला माणूस काच खाली करून "यू ओके, लव्ह?" म्हणाला. मी मान हलवली आणि गाडी वळवून घरी आले.

निखिल मैत्रीला घेऊन गेला होता. आई तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होत्या. मी तशीच उभी राहिले आणि विचारलं, "आई, गॅरेजमधलं चित्र कोण फिरवतं?"

"मी. काऊन?" त्या म्हणाल्या. "त्यांचं तोंड भिंतीकडे करून कोण ठेवते, ते तू मला सांग."

"मीच," मी म्हटलं.

मग आईंनी काडी विझवली आणि म्हणाल्या, "दुपारी तेल लावते मी. त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी नसलो कुठे तर त्या काळ्या रंगाला तेल पाजशील, म्हणे. पण एका दिवशी एक वीतच. कापसाने. घाई केली तर ओघळते."

"जवसाचं?"

"मग काय खोबऱ्याचं लावू?"

मी हसले. खरंच हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कारण सापडलं होतं! बसलेल्या रंगाला तेल मिळालं की तो पुन्हा खोल होतो, खालचं दिसायला लागतं, हे तुम्हीच सांगितलं होतं मला. आई रोज चार वाजता तुमच्यासाठी एक वीत अंधार पुसत होत्या, आणि मी मूर्खासारखी थरथरत होते. म्हटलं, "आणि काल चेहऱ्याला लावलंत."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "तोंडाला? नाही व. ती वीत ठेवलीय मी. हिंमतच होत नाही. ते लावलं की संपलं ना मग."

आम्ही दोघी हात धरून गॅरेजमध्ये गेलो. दिवा आईंनी लावला.

चेहरा होता. बाहीपेक्षाही स्पष्ट, दिसायला ओलसर, आत्ताच पुसल्यासारखा. मी बोट लावलं. बाही चिकट लागली. मनगट चिकट. चेहऱ्याला लावलं तर कोरडा ठणठणीत. पुन्हा लावून बघितलं. आईंनीही लावून बघितलं आणि पदराला बोट पुसलं. कारण मला माहीत नाही बाबा. मी अजून शोधतेय.

पण ते बाजूला राहू दे. कारण तेवढ्यात आई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ओळखलं नाही का? हे तर तू आहेस."

केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. डाव्या भुवईवर साइटवरच्या पाइपाचा व्रण. अंगात तुमचा स्वेटर, कारण सकाळी थंडी असते आणि तो खुंटीवर असतो, ज्याला लागेल त्याने घालावा. डोळे अर्धे मिटलेले, ओठ घट्ट, आणि दोन्ही हातांनी ती दोरी ओढतेय. मी इतकी दमलेली दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आरशातही एवढं बघितलं नव्हतं.

"मी विचारलं होतं त्यांना," आई म्हणाल्या. "म्हटलं, पोरीला अंधारात काऊन ठेवलं? तर म्हणाले, ती तिथेच असते. अंधारात जाते, अंधारात येते, सगळं घर ओढते. आपण इथे येऊन झोके घेतो."

"पण झोक्यावर माझी चप्पल आहे, आई."

"मग? तीच तर बसणार आहे तिथे, म्हणे. एक दुपार बसली समोर की तिचा चेहरा झोक्यावर घेतो आणि इथला पुसून टाकतो. तोवर ते राखाडी राहील. मी म्हटलं, अरे बाप्पा, मग दोरी कोण ओढेल? तर हसले." आईंनी पदराने बोर्डची कड पुसली. "म्हणे, मी आहे ना."

बाबा, तुम्ही आयुष्यभर त्या गुलाबी चित्रांना शिव्या घातल्यात. आणि शेवटी माझ्यासाठी एक गुलाबी चित्र काढायला बसलात, स्वतःच्या पायाने त्या अंधारात जायला निघालात, आणि मी तुम्हाला एक दुपार दिली नाही. मी रिकामटेकडी नव्हते. मला माफ करा, असं मी म्हणणार नाही, तुम्ही चिडाल. पण मी चुकले. साफ चुकले. आणि वाद तुम्ही जिंकलात असंही समजू नका. अंधारातल्या माणसाला चेहरा द्यायला निघालेला माणूस त्याच अंधारात स्वतः कशाला जाऊन उभा राहतो, याचं उत्तर मला हवं होतं. समोर असतात तर सोडलं नसतं तुम्हाला. दोन दिवस गप्प बसला असतात, तरी चाललं असतं.

काल रविवार होता. निखिल आणि मैत्री सामान आणायला सँडरिंगहॅमला गेले होते. आईंना सांगितलं, मी गॅरेजमध्ये आहे, फोन आला तर नाही म्हणून सांगा. मी तुमचा स्वेटर घातला. दाराच्या फटीत टॉवेल नीट कोंबला, दोन्ही बाजूंनी दाबून बघितला. चित्र मागच्या भिंतीला लावलं, झोक्याच्या पाठीशी, आणि प्लास्टिकची खुर्ची तुमची असायची तिथे समोर ठेवली. मग झोक्यावर बसले. तुळईने हूं की चूं केलं नाही. छप्पन्न किलो, बाबा. थोडा चुकला तुमचा अंदाज.

पायाने एकदा जमीन रेटली. एकदाच. समोर रिकामी खुर्ची, जवसाचा वास, बाहेर कुणाचंतरी लॉनमोअर. काय बोलावं कळेना, म्हणून हेच सगळं बोलले जे आता लिहितेय, पहिल्यापासून. उजवी जँडल घसरून पडली. बराच वेळ बोलत होते मी. बाहेरचं लॉनमोअर बंद झालं, आईंनी आत कुकर लावला, त्याच्या तीन शिट्ट्या झाल्या.

आणि मग लक्षात आलं. एका रेट्याचा झोका किती वेळ चालतो, हे मला कळतं. माझं कामच आहे ते. पाय मी केव्हाचे वर घेतले होते. वारा नव्हता. आणि झोका जात होता, येत होता, प्रत्येक वेळी मागे गेला की पाठीशी दोर किंचित ताणला जात होता.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे मागे वळून कारण शोधायला हवं होतं. मी वळले नाही. डोळे मिटले आणि म्हटलं, "बाबा, जरा हळू."